सीटखालचा बोल्ट



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत बहुतेक विषय येऊन गेले आहेत. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी त्यांना "जुन्या सायकलचा अडकलेला बोल्ट" असे कळवले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ते अदबीने म्हणाले, "सर, बोल्ट म्हणजे आपल्याला नेमके काय अभिप्रेत आहे?" त्यांना ते रूपक वाटले असावे. मी म्हटले, "बोल्टच. लोखंडाचा. बोटाएवढा." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मी शाळेत तेहतीस वर्षे विज्ञान शिकवले. घर्षण, तरफ, उष्णतेने होणारे प्रसरण, लोखंडाचे गंजणे हे सारे धडे मी इतक्या वेळा शिकवले की पुढेपुढे पुस्तक उघडावे लागत नसे. असा माणूस एका बोल्टपुढे कसा हात टेकतो, ती हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सायकल माझ्या वडिलांची. वडील जिंतूर तालुक्यात चारठाण्याच्या बाजूला प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी १९५८ साली परभणीच्या बाजारातून ती घेतली. आसनसोलजवळच्या सेन-रॅले कारखान्यात तयार झालेली, काळी, बावीस इंची फ्रेमची. तो कारखाना आता राहिलेला नाही. दहा वर्षांपूर्वी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये अशी बदलत होती आणि वडील त्याच सायकलीवरून त्याच शाळेत जात होते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. पावसाळ्यात ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते. मग माणूस सायकलीवर न बसता सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. वडिलांच्या हँडलला त्यासाठी बाभळीची एक काटकी कायम बांधलेली असे; थांबायचे, माती कोरून काढायची आणि पुढे निघायचे.

वडील उंच होते. सीट त्यांनी आपल्या उंचीला बसवलेली. २००६ मध्ये ते गेले, आणि सायकल गावच्या घरात भिंतीला टेकून राहिली. २०२३ च्या मे महिन्यात माझी नात सुट्टीत आली, तेव्हा तिने ती पाहिली. वय वर्षे चौदा. "आजोबा, ही मी चालवणार." टायर-ट्यूब नवे घातले, चेन रॉकेलमध्ये धुतली, छर्रे बदलले. ती बसली, तर पाय पायडलला पोहोचेनात. सीट चार बोटे खाली घ्यावयाची, एवढेच काम उरले. मी तिला म्हटले, "दहा मिनिटे थांब."

ज्यांनी जुनी सायकल बारकाईने पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सीट एका दांडीवर असते, ती दांडी फ्रेमच्या उभ्या नळीत उतरते. नळीच्या वरच्या तोंडाला मागल्या बाजूने एक उभी चीर असते आणि चिरेच्या दोन बाजूंना दोन कान. कानांतून एक बोल्ट आडवा जातो. नट आवळला की कान जवळ येतात, चीर मिटते आणि नळी दांडीला घट्ट धरते. व्यवस्था साधी आणि फार शहाणपणाची आहे. बोल्टचे डोके गोल, पाना लावण्याजोगे नाही; पण डोक्याखाली एक छोटे नाक असते, ते कानाच्या खाचेत बसते, म्हणजे नट फिरवताना बोल्ट स्वतः फिरत नाही.

आता गंजाविषयी दोन शब्द. लोखंड गंजते म्हणजे त्याची माती होते, असे आपण म्हणतो. पण ही माती मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खाते, दुपटीहूनही अधिक. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज धरला की तो फुगतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो दोघांना एकमेकांवर दाबतो. पाचर ठोकल्यासारखेच ते. सीटखालच्या बोल्टची जागा तर अशी की पाऊस सीटवरून दांडीवर, दांडीवरून चिरेत आणि चिरेतून बोल्टवर उतरतो. शाळेत मी हे शिकवत असे. खिळा कोरड्या नळीत, खिळा पाण्यात आणि खिळा उकळलेल्या पाण्यात तेलाखाली, अशा तीन परीक्षानळ्या दरवर्षी मांडत असे. पण खरा गंजलेला बोल्ट हातात आला तेव्हा मी काय केले? पाना लावला आणि जोर केला.

तेराचा पाना नटावर बसला. मला आनंद झाला. नटाचे कोपरे थोडे झिजलेले होते, पण पाना बसत होता. पाना फिरेना, म्हणून मी पान्याला दोन फुटी नळी घातली. तरफेचा नियम आपल्याला ठाऊकच आहे. नळीने माझा जोर चौपट झाला आणि माझी चूकही चौपट झाली. पाना "कर्र" करून निसटला, नटाचे उरलेले कोपरे गेले, आणि माझ्या बोटांची सालटी फ्रेमवर राहिली. नात म्हणाली, "आजोबा, दहा मिनिटे झाली."

मग मी जरा शहाणा झालो. रॉकेल आणि पातळ तेल निम्मे-निम्मे करून बोल्टच्या दोन्ही बाजूंनी सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. ही रीत उत्तम आहे. तेल बारीक फटीत आपोआप चढते, दिव्याच्या वातीत चढते तसे; फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देणे हेच आपल्याला जमत नाही. सकाळी हलक्या हातोडीने डोक्यावर आणि नटावर टकटक केले, म्हणजे गंजाची पकड मोडते. झिजलेल्या नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजू कानशीने घासून सपाट केल्या आणि त्यावर बाराचा पाना हातोडीने ठोकून बसवला. नट सोडण्याआधी किंचित आवळून पाहावा म्हणतात, तेही केले. आणि काय सांगू, तो फिरला! एक वेढा, दोन वेढे, पाच वेढे. मी नातीला हाक मारली. आठ-दहा वेढे झाले तरी नट जिथल्या तिथे. वाकून पाहिले तर दुसऱ्या बाजूचे गोल डोकेही फिरत होते. आदल्या दिवशीच्या नळीने डोक्याखालचे नाक मोडले होते. नट बोल्टला सोडत नव्हता आणि दोघे मिळून कानांत गरागरा फिरत होते. गोल डोक्याला धरायला कोपरा नाही, नटाला कोपरा उरलेला नाही. ही अवस्था अडकलेल्या बोल्टपेक्षा वाईट. अडकलेला बोल्ट निदान एका जागी तरी असतो.

तेव्हा सायकल टेम्पोत घातली आणि परभणीला आणली. स्टेशनच्या बाजूला एक वयोवृद्ध मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही चाचाच म्हणतो, कारण मी कॉलेजात असताना ते पंक्चर काढायला शिकत होते, आणि या धंद्यातली ज्येष्ठता वयावर नसते. त्यांच्या दुकानाला पाटी नाही. एक लिंबाचे झाड, एक पाण्याची घमेली, आणि गोडेतेलाच्या जुन्या डब्यांत साठ वर्षांचे नट, बोल्ट आणि वायसर.

चाचांनी सायकल पाहिली आणि प्रथम काहीच केले नाही. चहा मागवला. मी माझी हकीकत सांगू लागलो, तर हाताने थांबवून म्हणाले, "सर, पहले ये बोलो, बोल्ट बचाना है की गाडी?"

मला हा प्रश्न समजला नाही. मी म्हटले, "दोन्ही." ते हसले. "दोन्ही बचाने जाते वोच लोगां मेरे पास आते."

या प्रश्नाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. बोल्ट हा गाडीसाठी असतो. त्याची किंमत दहा-पंधरा रुपये. फ्रेमचे कान मात्र फ्रेमचाच भाग. ते मोडले तर वितळजोड करावी लागते, आणि जुन्या फ्रेमचे सांधे पितळेने जोडलेले असल्यामुळे तिथे फार आग दिली की एक कान बसवताना दुसरा सांधा निखळायचा. म्हणजे दहा रुपयांची वस्तू वाचवण्याच्या नादात न मिळणारी वस्तू आपण धोक्यात घालत असतो. हे कळायला विज्ञान लागत नाही. पण तो बोल्ट माझ्या वडिलांनी आवळलेला होता. त्यांच्या हाताचा शेवटचा जोर त्यात आहे, अशी माझी समजूत होती, आणि म्हणून तो कापू नये असे मला वाटत होते. हे मी चाचांना सांगितले नाही. सांगण्यासारखे नव्हते.

चाचांनी चष्मा पुसला, नटावरची माती चाकूच्या टोकाने काढली, आणि डब्यातला तेराचा पाना नटाच्या कडेला नुसता टेकवून पाहिला. मग तोच पाना पुढच्या चाकाच्या नटाला लावून पाहिला, बसला नाही. हँडलच्या बोल्टला लावला. तिथेही बसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, ये नट इसका नै. गाडी इंच की, नट एमएम का."

इथे मला थोडे मागे जावे लागेल. बोल्टवरचे आटे कसे असावेत याला दोनशे वर्षांपूर्वी काही धरबंध नव्हता. प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने त्यासाठी एक माप सुचवले, त्यात आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या सायकल इंजिनिअरांनी सायकलींसाठी आपले स्वतंत्र माप ठरवले: कोन साठ अंशांचा, आणि बहुतेक बोल्टांना इंचात सव्वीस आटे. आपल्याकडे इंग्रजी धाटणीच्या सायकली बनू लागल्या तेव्हा हेच माप आले. इकडे सरकारने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा केला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे वडिलांची सायकल नेमकी त्या उंबरठ्यावरची. तिचा जन्म इंचात आणि तिचे सारे आयुष्य मिलिमीटरांच्या बाजारात गेले.

आता मौज पाहा. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. बाजारात मिळतो तो आठ मिलिमीटरचा. हातात दोन्ही घेतले तर डोळ्याला फरक दिसणार नाही. पण जुन्यावर इंचात सव्वीस आटे आणि नव्यावर सुमारे वीस. आठचा नट त्या जुन्या बोल्टवर घातला तर तो पहिला वेढा गुमान जातो, दुसऱ्याला कुरकुरतो, आणि तिसऱ्याला अडतो. शहाणा माणूस तिथे नट काढून घेईल. उतावळा माणूस पाना लावील, आणि मग नटाचे आटे बोल्टच्या आट्यांना चिरडत पुढे जातात. नट घट्ट बसतो, फारच घट्ट बसतो, आणि पुन्हा कधी निघत नाही.

चाचा हे मला समजावून सांगत होते आणि मला १९७४ सालची दिवाळी आठवत होती.

मी तेव्हा परभणीला बी.एस्सी.ला होतो. सुट्टीत घरी गेलो तर सीट हलत होती, नट कुठे तरी पडला होता. वडील शाळेत सायकल हातात धरून पायी जाऊन आले होते. मी म्हटले, "अण्णा, मी बसवतो." विज्ञानाचा विद्यार्थी! जिंतूरहून एक नट आणला. तो तिसऱ्या वेढ्याला अडला. मी पान्यावर दगड घातला. दोन-तीन दगडांत तो पक्का बसला, आणि आईने माझे कौतुक केले. वडील सीट हलवून पाहून म्हणाले, "छान झाली." नटाचे कोपरे तेव्हाच पहिल्यांदा झिजले. बोल्टमध्ये जोर होता तो माझा होता, त्यांचा नव्हताच.

आणि आणखी एक गोष्ट आठवली, ती मात्र मला चाचांच्या दुकानात बसवेना. वडील १९९० मध्ये निवृत्त झाले. त्यानंतरही दहा-बारा वर्षे ते सायकल चालवत. म्हातारपणी माणसाची उंची थोडी उतरते, गुडघे वाकत नाहीत. ते सायकल घराच्या ओट्याला लावून ओट्यावरून तिच्यावर बसत. बाजारात गेले तर मारुतीच्या पाराला लावत. रस्त्यात उतरायची वेळ आली तर मैलाचा दगड सापडेपर्यंत हातात धरून चालत. आम्ही घरातले हसत असू. "अण्णांना पार लागतो." मी स्वतः ही नक्कल करून दाखवलेली आहे. सीट दोन बोटे खाली घेतली असती तर त्यांना पार लागला नसता. ती खाली येत नव्हती. नटावर पकडीच्या दातांचे जुने ओरखडे होते, चाचांनी मला ते बोटाने दाखवले: "किसीने बहुत कोशिश करी." पकड आमच्या घरात एकच होती आणि ती वडिलांच्या पेटीत असे. त्यांनी कितीदा प्रयत्न केला असेल कोण जाणे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. असो.

मी चाचांना म्हटले, "कापा."

पण त्यांनी लगेच कापला नाही. त्यांच्या हाताखाली एक पोरगा आहे, त्याने विचारले, "चाचा, आग देऊ का?" पुष्कळ मिस्त्री अशा वेळी गॅसची ज्योत लावतात, आणि ती पुष्कळदा चालते. नट तापला की तो फुगतो आणि त्याचे भोक मोठे होते. इथे विद्यार्थी हमखास चुकत. लोखंड फुगते तर भोक आतून लहान होईल, असे त्यांना वाटे. मी त्यांना बैलगाडीच्या चाकाची धाव दाखवत असे. लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करतो तेव्हा ती लाकडी चाकापेक्षा मोठी होते, म्हणून तर ती चाकावर चढते. पाणी ओतले की आकसून चाकाला आवळते. नटाचेही तेच. आठ मिलिमीटरचे भोक तीनशे अंशांनी तापवले तर ते तीन शतांश मिलिमीटर वाढते, केसाच्या जाडीहूनही कमी. पण तेवढ्याने गंजाचा थर तडकतो आणि तेल आत जायला वाट होते. मात्र रॉकेल लावलेल्या बोल्टला पुसल्याशिवाय ज्योत लावू नये, एवढे मी आपणांस विनवून सांगतो.

चाचांनी पोराला नको म्हटले. कारण इतकेच की इथे गंज हा गुन्हेगार नव्हता. गंज असेल तर तेल, टकटक आणि आग, या क्रमाने जावे. चिरडलेल्या आट्यांना आग काय करणार? तापून थंड झाले की ते पुन्हा तसेच. कशाने अडले आहे हे न पाहता औषध दिले की बोल्ट जागेवर राहतो आणि आजूबाजूचे बिघडते. मी तेहतीस वर्षे नियम शिकवले, पण कोणता नियम कोणत्या ठिकाणी लावायचा हे पाहण्याचा तास आमच्या वेळापत्रकात नव्हता.

एक पोटविषय घेतो, कारण श्रोत्यांत सायकलवाले बरेच दिसतात. कधी कधी बोल्ट अडलेला नसतोच. आपणच उलट फिरवत असतो. डाव्या पायडलचे आटे डावे असतात. ते सोडताना आपल्या सवयीने फिरवले की आवळले जातात. क्रँकच्या मधल्या कपांचेही तसेच, इंग्रजी धाटणीच्या सायकलीत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. मी एका सद्गृहस्थांना डाव्या पायडलवर सबंध दुपार खर्च करताना पाहिले आहे. ते गणिताचे प्राध्यापक होते. आणि कॉटर! क्रँकमधली ती तिरपी पाचर. तिच्या बारीक टोकाला आटे असतात. लोक नट काढून टाकतात आणि उघड्या आट्यांवर हातोडा घालतात. टोक फुलते, वाकते, आणि मग ती कधी निघत नाही. नट टोकाशी बरोबरीला येईपर्यंतच सोडावा, क्रँकच्या खाली जाड नळीचा तुकडा किंवा लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून द्यावा, आणि एकच भारी घाव सरळ घालावा. टेकू नसेल तर घावाचा जोर छर्ऱ्यांवर जातो आणि कपांना खड्डे पडतात. दहा हलक्या घावांनी कॉटर बिघडते.

आणि आटे आतच राहून बोल्ट मोडला तर? मागच्या मडगार्डच्या काडीचा बारीक बोल्ट माझ्याकडून असाच मोडला. त्यासाठी उलट्या आट्यांची एक कणखर काडी मिळते. मोडक्या बोल्टला मधोमध भोक पाडायचे, ती काडी उलटी फिरवत घालायची, की मोडका तुकडा तिच्याबरोबर बाहेर येतो. मी एक संच विकत आणला. डबीवर "जर्मनी" असे छापलेले होते. "जगात जर्मनी, भारतात परभणी" अशी आपली म्हण आहे, तिच्या भरवशावर मी जोर केला. जर्मनी परभणीत तुटली आणि आत राहिली. ते पोलाद इतके कठीण असते की त्यात बरमा चालत नाही. तो तुकडा अजून तिथेच आहे आणि मडगार्ड तारेने बांधले आहे.

तर सीटखालचा बोल्ट. चाचांनी हॅक्सॉची चौकट बाजूला ठेवली आणि नुसते पाते घेतले. एका टोकाला चिंधी गुंडाळली. पोराला सांगितले, नट पकडीने धर, फिरू देऊ नकोस. मग कानांमधल्या चिरेत मागून ते पाते उभे घातले. चीर जेमतेम दोन मिलिमीटरची, पाते त्यात बरोबर बसले. फ्रेमला न लागता बोल्टला मधोमध कापायला निसर्गाने नव्हे, पण कारखान्याने ठेवलेली तीच एक वाट होती. मी नट घासत होतो, ठोकत होतो, आणि ही चीर माझ्या डोळ्यांसमोर होती. छोटे छोटे हात, वरखाली, मधून तेलाचा थेंब. पाऊण तास लागला. मी म्हटले, ग्राइंडर लावा ना, मिनिटात होईल. चाचा म्हणाले, "मिनट में कान बी जाता."

बोल्टचे दोन तुकडे झाले. पंच लावून एक डावीकडे काढला, एक उजवीकडे. नटाचा तुकडा चाचांनी माझ्या हातात ठेवला. त्यातून तीन वेढ्यांचे चिरडलेले आटे दिसत होते, पिळलेल्या तारेसारखे.

दांडी अर्थातच नळीत अडकलेली होती. ती खरी गंजाने. तिला दोन दिवस तेल पाजले. सायकल उलटी करून खालूनही सोडले. अशी दांडी वर ओढायची नसते, पिळायची असते. सीटच धरून डावीउजवीकडे, सुतासुताने. तिसऱ्या दिवशी ती कुरकुरत फिरली आणि तांबडी पूड सांडत बाहेर आली. नळीच्या तोंडाशी जिथे ती इतकी वर्षे होती तिथे तिच्यावर गंजाचे एक कडे उमटलेले आहे. ते घासले तरी जात नाही, आणि मीही फार घासले नाही.

नव्या बोल्टचा प्रश्न आला. मी चाचांना म्हटले, तुमच्या डब्यात सव्वीस आट्यांचा जुना बोल्ट असेल, तो शोधा. सायकल मुळात होती तशी व्हायला हवी. त्यांनी डबा उपडा केला, दोन बोल्ट सापडलेही. पण ते म्हणाले, "सर, कान में आटे हैं क्या?" मी पाहिले. कानांतली भोके साधी, गुळगुळीत. आटे फक्त नट आणि बोल्ट यांच्यात. म्हणजे त्या दोघांचे आपसात जमले की झाले, फ्रेमला इंच काय आणि मिलिमीटर काय. बाजारातला आठचा बोल्ट आणि त्याचाच आठचा नट घातला तर उत्तम चालते. १९७४ मध्ये मी नटाबरोबर बोल्टही आणला असता, तर आणखी चार-आठ आण्यांत काम झाले असते. चाचांनी नवी जोडी बसवली, आट्यांना बोटभर ग्रीस लावले, म्हणजे पाणी शिरणार नाही. दांडीलाही ग्रीस. नट बोटाने शेवटपर्यंत फिरवून दाखवला. जो नट पहिले चार वेढे बोटाने जात नाही त्याला पाना लावू नये, असे त्यांनी पोराला सांगितले. मला सांगितले असे मी धरून चालतो. त्यांनी पंचवीस रुपये मागितले. पन्नास दिले तर पंचवीस परत केले.

सीट चार बोटे खाली आली. नात ओट्याशिवाय बसली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. "फार जड आहे," म्हणाली, आणि पुन्हा गेली. जूनमध्ये ती गेली तेव्हा तिने मला बजावून सांगितले की पुढच्या वर्षी माझी उंची वाढली तर सीट वर घ्यावी लागेल. मी पेटीत तेराचा पाना वेगळा काढून ठेवला आहे. गेल्या वर्षी दोन बोटे वर घेतली, मीच घेतली, दहा मिनिटे लागली नाहीत.

मडगार्डचे मात्र अजून काही जमलेले नाही. श्रोत्यांपैकी कोणाला त्या तुकड्यावर काही उपाय ठाऊक असेल, तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला अवश्य भेटावे.